हवा गेल्यावर कोणाच्या भरवशावर?

पाच-सहा वर्षं वापरलेली बीएमडब्ल्यू, मिनी किंवा मर्सिडीज एखाद्या नव्या मध्यम गाडीच्या किमतीत घेणारा एक मोठा वर्ग आता महाराष्ट्रातल्या शहरांत तयार झाला आहे. गाडी देखणी असते, इंजिन ठणठणीत असतं आणि पहिलं वर्ष मजेत जातं. मग पहिला मोठा खर्च समोर येतो, तो बहुतेक वेळा टायरचा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेच बाद होतो. शहाणा माणूस त्याच्या बराच आधी दुकान गाठतो. दुकानदार वाकून टायरच्या भिंतीवरची अक्षरं वाचतो आणि विचारतो, "साहेब, हे रन-फ्लॅट आहेत. तेच टाकायचे की साधे?"

या प्रश्नावर घरात, मित्रांत आणि ऑफिसात मतं पडायला लागतात. सर्व्हिस सेंटर म्हणतं, कंपनीने दिलेत तेच टाका. मित्र म्हणतो, साधे टाक, गाडी लोण्यासारखी चालेल आणि पैसेही वाचतील. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. रन-फ्लॅट महाग असतात, जड असतात, त्यांची भिंत ताठ असल्यामुळे खड्ड्याचा दणका थेट पाठीपर्यंत पोचतो. साधे टायर मऊ चालतात, आवाज कमी करतात, आणि त्याच मापात चार कंपन्यांचे चार पर्याय दुकानात लगेच मिळतात. पण किंमत आणि आराम यांवर हा निवाडा करणं मला अपुरं वाटतं. टायर ९९ टक्के वेळ हवेने भरलेलाच असतो आणि तेव्हा दोन्ही प्रकार आपलं काम नीट करतात. निवड करायची असते ती हवा गेल्यानंतरच्या तासाभरासाठी. त्या तासात तुम्ही कुठे असाल, गाडीत कोण असेल, आणि मदतीला कोण येऊ शकेल? हे ज्याने स्वतःला विचारलं नाही, त्याने टायर निवडला असं म्हणता येत नाही, नुसता विकत घेतला इतकंच.

रन-फ्लॅट नेमकं काय करतो ते आधी पाहू. साध्या टायरमध्ये गाडीचं वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. रबराचं काम ती हवा कोंडून ठेवायची आणि रस्ता धरून राहायचं. हवा गेली की बाजूची भिंत दुमडते, रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिरडते, घासून तापते आणि काही मिनिटांत तिच्या चिंध्या होतात. रन-फ्लॅटच्या भिंतीत उष्णता सोसणाऱ्या कडक रबराचा जाड थर घातलेला असतो. हवा पूर्ण गेली तरी ती भिंत उभी राहते, टायर रिमवरून निसटत नाही, स्टिअरिंग ताब्यात राहतं. सर्वसाधारण हमी असते ती ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून ८० किलोमीटर जाण्याची. ब्रिजस्टोनवर 'आरएफटी', मिशलिनवर 'झेडपी', गुडइयरवर 'आरओएफ', कॉन्टिनेन्टलवर 'एसएसआर' अशी खूण असते. चालवणाऱ्याला हवा गेल्याचं हाताला फारसं जाणवतच नाही, म्हणून हवेचा दाब सांगणारी यंत्रणा गाडीत असल्याशिवाय हे टायर बसवूच नयेत. तशी यंत्रणा नसलेल्या गाडीला हौसेने रन-फ्लॅट लावणारे लोक मी पाहिले आहेत. हवा नसल्याचा पत्ताच नाही आणि गाडी शंभरच्या वेगात, ही साध्या पंक्चरपेक्षा वाईट अवस्था आहे.

कल्पना तशी जुनी आहे. १९८० च्या दशकात पोर्शेच्या ९५९ या गाडीला हवेविना चालू शकणारे टायर आणि दाब मोजणारी यंत्रणा, दोन्ही होतं. १९९७ मध्ये शेवरोलेची नवी कॉर्व्हेट आली ती स्टेपनीशिवायच, चारही चाकांना गुडइयरचे रन-फ्लॅट लावून. २००० नंतर बीएमडब्ल्यूने ही गोष्ट एका खेळाच्या गाडीपुरती न ठेवता घरगुती सेडानपर्यंत आणली. कारखान्याच्या दृष्टीने फायदा उघड होता. पाचवं चाक नाही, जॅक नाही, पाना नाही. तेवढं वजन कमी, डिकीच्या तळातली खाच मोकळी. ज्या देशात हा निर्णय झाला त्या देशात तो शहाणपणाचाच होता. जर्मनीत वेगमर्यादा नसलेल्या महामार्गाच्या कडेला उतरून चाक बदलणं जिवावरचं काम, आणि ८० किलोमीटरच्या आत टायरचं सुसज्ज दुकान सापडणार नाही अशी जागा त्या देशात शोधावी लागेल. शिवाय १९०३ पासून चालत आलेली एडीएसी ही मोटारमालकांची संघटना आहे, दोन कोटींहून अधिक सभासदांची. तिच्या पिवळ्या गाड्या रस्त्यावर मदतीला येतात. टायरने ८० किलोमीटर सांभाळायचं आणि पुढचं या व्यवस्थेने पाहायचं, अशी ती वाटणी आहे.

ही वाटणी मोडली की काय होतं याचं उदाहरण खुद्द अमेरिकेत घडलं, आणि मला ते या विषयातलं सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं. मिशलिनने 'पॅक्स' नावाची एक वेगळी रचना काढली होती. टायरच्या आत रिमभोवती एक आधाराचं कडं. हवा गेली की टायर त्या कड्यावर टेकायचा. हमी तर नेहमीच्या रन-फ्लॅटच्याही पुढची, ताशी ८० च्या वेगाने सुमारे २०० किलोमीटर. रोल्स-रॉइसच्या फँटमला ते टायर होते, बुगाटीच्या व्हेरॉनला होते, आणि २००५ पासून होंडाने ते ओडिसीच्या वरच्या श्रेणीच्या मॉडेललाही दिले. ओडिसी म्हणजे मुलाबाळांची, शाळेच्या आणि सुट्टीच्या सामानाची गाडी. टायर हमीप्रमाणे चालत होता. अडचण होती ती त्यानंतरची. हा टायर रिमला बसवण्याची पद्धतच निराळी होती, त्यासाठी खास यंत्र आणि शिकलेला माणूस लागायचा, आणि तशी दुकानं पुरेशी नव्हती. नेहमीच्या टायरवाल्याकडे गेलं की तो हात वर करायचा. टायर बदलायचा तर महागडा, आणि त्या रिमवर दुसरा कुठलाही बसणार नाही. गाडीमालक कोर्टात गेले, काही वर्षांतच मिशलिनने ही रचना पुढे नेणं सोडून दिलं. तंत्र म्हणून पॅक्स उत्तम होता असं मी आजही म्हणेन. श्रीमंताच्या फँटमला तो परवडला, कारण तिच्या मागे कंपनी उभी होती. ओडिसीच्या मागे गावातलं टायरचं दुकान उभं असायला हवं होतं, आणि ते तिथे नव्हतं.

आता आपल्याकडे या. बीएमडब्ल्यूच्या काही जुन्या मॉडेलांच्या पुस्तिकेत हवेविना किती जाता येईल याचा हिशेब वजनानुसार दिलेला आहे. एक-दोन माणसं आणि सामान नाही, तर सुमारे २५० किलोमीटर. दोन माणसं सामानासह किंवा चार माणसं सामानाविना, तर सुमारे १५०. चार माणसं आणि सामान, तर सुमारे ५०. हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा. दिवाळीत गावी निघालेलं कुटुंब, डिकीत फराळाचे डबे, दोन बॅगा, मागच्या सीटवर आई आणि मुलं. आपल्याकडे लांबचा प्रवास म्हणजे नव्वद टक्के वेळा हेच चित्र. म्हणजे आपल्या वाट्याला येणारी हमी ५० किलोमीटरची आहे, आणि तीही रस्ता नीट असेल तर. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत तापलेल्या विदर्भातल्या काँक्रीटवर हवा नसलेल्या टायरला अधिकच सोसावं लागतं, कारण शेवटी त्याला मारते ती उष्णताच.

आणि ते ५० किंवा ८० किलोमीटर संपल्यावर काय? समजा गाडी वाशिमजवळ आहे, किंवा सावंतवाडीच्या अलीकडे, किंवा आलापल्लीच्या रस्त्यावर. तुम्ही तालुक्याच्या गावी सुखरूप पोचलात. तिथल्या टायरच्या दुकानात ट्रॅक्टरचे, जीपचे, स्विफ्टचे आणि बोलेरोचे टायर आहेत. तुमचा २२५/५० आर१७ रन-फ्लॅट नाही. तो जिल्ह्याच्या गावीही नसेल. पुण्याहून, मुंबईहून किंवा नागपूरहून मागवावा लागेल. त्यात जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात परवान्याखाली आणली. देशी टायर-उद्योगाला त्याचा फायदा झाला असेल, पण ज्या मापांचे आणि प्रकारांचे टायर प्रामुख्याने बाहेरून येत, त्यांच्या गिऱ्हाइकाची वाट पाहण्याची वेळ वाढली. तोवर गाडी तिथे, कुटुंब लॉजवर किंवा एसटीत.

याच गावात साध्या ट्यूबलेस टायरचं पंक्चर झालं असतं तर? इथे मला आपल्या पंक्चरवाल्याबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण टायरच्या चर्चेत त्याला कोणी धरतच नाही. रस्त्याच्या कडेला पत्र्याची टपरी, बाहेर उभा केलेला पांढऱ्या रंगाने 'पंक्चर' लिहिलेला टायर, आत हवेचा कॉम्प्रेसर. अनेक टपऱ्या केरळहून, उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या माणसांच्या आहेत, आणि माणूस बहुधा तिथेच झोपतो, त्यामुळे रात्री दोनला हाक मारली तरी उठतो. तो आधी हवा भरतो, मग बाटलीतलं साबणाचं पाणी टायरवर फिरवत नेतो आणि कान-डोळा लावून बसतो. एका जागी बारीक बुडबुडे फुटायला लागतात. पकडीने खिळा ओढतो, खडबडीत टोच्या त्या भोकात फिरवून कडा खरवडतो, चिकट दोरी सुईच्या नेढ्यात अडकवून आत ढकलतो, सुई एका झटक्यात मागे घेतो, बाहेर उरलेले शेपटे ब्लेडने कापतो, आणि शेवटी बोटाने त्यावर पुन्हा पाणी लावून बघतो. चाक काढायचीही गरज पडत नाही. दहा मिनिटं आणि शंभर-दोनशे रुपये. शास्त्राने पाहिलं तर ही दुरुस्ती तात्पुरती. घरी आल्यावर टायर उतरवून आतून मशरूमच्या आकाराचा पॅच लावून घ्यायला हवा. पण तिने माणूस घरी येतो. ही व्यवस्था कुठल्या मोटार कंपनीने उभी केली नाही, सरकारने तर नाहीच. तरीही ती देशातलं सगळ्यात दाट पसरलेलं मोटार-साहाय्य आहे, आणि ती उभी आहे ती साध्या टायरवर.

खिळा नक्षीत नुसता रुतला असेल आणि हवा पुरती गेली नसेल तर तो रन-फ्लॅटमध्येही दोरी घालू शकतो, हे मान्य. अडचण येते ती हवा जाऊन गाडी चालल्यावर. ताठ भिंतीचा टायर रिमवरून उतरवायला जोडहाताचं यंत्र आणि सवय लागते. पहारी घालून ओढला तर टायरची कड आणि अलॉय, दोन्हींना जखम होते. आणि उतरवल्याशिवाय आतलं काही कळत नाही. पुण्यातल्या एका दुकानात असा उतरवलेला रन-फ्लॅट मी हातात घेऊन पाहिला. बाहेरून निर्दोष, नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक, भिंतीवर ओरखडासुद्धा नाही. आत हात फिरवला तर बोटं काळी झाली. भिंतीच्या आतल्या बाजूने गोल फिरलेला एक घासलेला पट्टा होता, आणि तळाशी रबराचा बारीक भुगा साचला होता. हा टायर कधीतरी हवेविना बरंच अंतर चालला होता. कोणीतरी पंक्चर काढून, हवा भरून, पुन्हा रस्त्यावर आणला होता.

वापरलेली गाडी घेणाऱ्याने ही गोष्ट मनावर घ्यायला हवी. साधा टायर हवेविना चालला की बहुधा बाहेरून फाटून मोकळा होतो. त्याची जखम लपत नाही. रन-फ्लॅटची लपते. म्हणून बऱ्याच टायर कंपन्या हवा जाऊन चाललेला रन-फ्लॅट दुरुस्त न करता बदलायला सांगतात. आधीच्या मालकाने ते ऐकलं की नाही, हे तुम्हाला विक्रेता सांगणार नाही आणि गाडीचा संगणकही नाही. रन-फ्लॅट लावलेली जुनी गाडी घेतलीत तर चारही टायर एकदा उतरवून आतून पाहून घ्यावेत, एवढं माझं आग्रहाचं सांगणं आहे. त्यासाठी लागणारा तासभर गाडीच्या रंगाची जाडी मोजण्यात घालवलेल्या तासापेक्षा फार मोलाचा आहे.

आता माझ्या बाजूच्या विरुद्ध सगळ्यात भक्कम मुद्दा. चाक बदलणं हे सरसकट सगळ्यांना जमणारं, आणि जमलं तरी सगळीकडे करण्यासारखं काम नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या उतारावर रात्री पावसात गाडी कडेला घेऊन, मागून येणाऱ्या ट्रेलरच्या दिव्यांत पाठमोरं बसून नट सोडवणं यासारखा धोका टायर फुटण्यातही नसेल. रात्रपाळी करून एकटी परतणारी मुलगी, सत्तरीतले आजोबा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई, तातडीने निघालेला डॉक्टर, यांना "डिकीत स्टेपनी आहे ना" हे उत्तर देणं निर्दयपणाचं आहे. यांना हवी असते ती थांबायची जागा स्वतः निवडण्याची मुभा. उजेडाची, माणसांची, ओळखीची जागा. ती मुभा रन-फ्लॅट देतो आणि दुसरं काहीही तितक्या खात्रीने देत नाही. वेगात असताना हवा एकदम गेली तरी टायर रिमवर टिकून राहतो, हा फायदाही खरा आहे, आणि त्याची किंमत पैशांत मोजू नये.

म्हणूनच माझा निष्कर्ष लोकांच्या नेहमीच्या समजाच्या उलट जातो. रन-फ्लॅट लांबच्या प्रवासासाठी आणि साधे टायर शहरातल्या शहरात, असं बहुतेकांना वाटतं. मला वाटतं, रन-फ्लॅट हा शहराचा आणि शहरांना जोडणाऱ्या गजबजलेल्या मार्गाचा टायर आहे. ठाणे ते पुणे, पुणे ते नाशिक, मुंबईचे उपनगरी रस्ते: इथे ५० किलोमीटरच्या आत मोठं दुकान आहे, टायर दुसऱ्या दिवशी मिळतो, आणि रस्त्याच्या कडेला थांबणं हाच खरा धोका आहे. ज्याची गाडी वर्षभर याच पट्ट्यात फिरते आणि जो एकटा किंवा एकटी चालवतो, त्याने किंवा तिने जास्तीचे पैसे देऊन रन-फ्लॅटच घ्यावेत. जो सुट्टी लागली की कोकणात, मेळघाटात, कर्नाटकात उतरतो, कुटुंब आणि सामान घेऊन, त्याने साधे टायर आणि पाचवं चाक घ्यावं. तिथे त्याला पंक्चरवाला तारेल. ८० किलोमीटरची हमी नाही तारणार.

समृद्धी महामार्ग मात्र या वाटणीत नीट बसत नाही. ७०१ किलोमीटरचा, दहा जिल्ह्यांतून जाणारा, मोटारींना ताशी १२० ची मुभा असलेला हा रस्ता डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. सुरुवातीच्या काळातल्या अपघातांत फुटलेल्या टायरांचा विषय इतका पुढे आला की परिवहन विभागाला प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला माणसं उभी करावी लागली; झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या गेल्या. इथे कडेला थांबणं धोक्याचं, आणि खाली उतरून तुमच्या मापाचा टायर मिळणंही कठीण. महामार्गावर प्रवेशबंदी असलेल्या टपऱ्या तर आसपासही नाहीत. नेहमी या रस्त्याने जाणाऱ्याला मी दोन्ही सुचवीन: चाकांना रन-फ्लॅट, आणि डिकीत बारीक स्टेपनी. सामानाची जागा जाईल, खर्चही वाढेल. पण हवा गेल्यावर रन-फ्लॅटवर बाहेर पडण्याच्या फाट्यापर्यंत यायचं, खाली उतरून सुरक्षित जागी चाक बदलायचं आणि पुढे जायचं, हा क्रम मला तिथल्यासाठी सगळ्यात शहाणा वाटतो. ज्याला दोन्ही परवडत नाही त्याने तिथे रन-फ्लॅट ठेवावेत, आणि टायर मागवण्यात दोन दिवस गेले तर जाऊ द्यावेत. जीव आणि वेळ यांत निवड आली की मी वेळ सोडीन.

साध्या टायरवर यायचं ठरवलंत तर ते नीट करावं लागतं. चारही एकदम बदलावेत. पुढे ताठ आणि मागे मऊ असं मिश्रण गाडीला वळणावर बेभरवशाची करतं. माप तेच, भार आणि वेगाचा निर्देशांकही मूळचाच किंवा वरचा. टायरवर ९४डब्ल्यू असेल तर त्याचा अर्थ एका चाकावर ६७० किलो आणि ताशी २७० किलोमीटर. दुकानदार ९१ चा टायर स्वस्तात देऊ करेल, तो ६१५ किलोचा असतो, नाही म्हणावं. भिंतीवरच्या चार आकड्यांवरून टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष वाचावं. गाडी थोडी सैल वळल्यासारखी वाटेल, कारण तिचं सस्पेन्शन ताठ टायर धरून बेतलेलं असतं. काही दिवसांत हात सरावतो. बीएमडब्ल्यूने स्वतःच्या सर्वांत वेगवान 'एम' गाड्यांना साधे टायरच दिले, त्यामुळे साधा टायर म्हणजे कमअस्सल टायर अशी भीती कोणी घालत असेल तर तिला अर्थ नाही.

मग राहतं पाचवं चाक. रन-फ्लॅटच्या गाडीत अनेकदा त्याच्यासाठी खाचच नसते, ते डिकीत आडवं ठेवून पट्ट्याने बांधावं लागतं. त्याबरोबर त्या गाडीला बसणारा जॅक आणि त्या नटांचा पाना हवा, आणि घरासमोर सपाट जागी एकदा चाक काढून घालून बघायला हवं. बारीक स्टेपनीत हवा भरायची असते ती ३२ नव्हे, साधारण ६० पीएसआय, आणि ही गोष्ट पंपावरच्या पोऱ्याला सांगावी लागते. वर्षानुवर्षं न पाहिलेली स्टेपनी ऐन वेळी बसकी निघते, हा या देशातला सार्वत्रिक अनुभव आहे. टायर साधा घेतला की ही देखरेख तुमची झाली. नुसत्या फेसाच्या बाटलीवर आणि छोट्या पंपावर विसंबू नये. तो फेस नक्षीतलं बारीक भोक बुजवतो, पण खड्ड्याने फाटलेल्या भिंतीपुढे त्याचा काही उपयोग नाही, आणि आपल्या रस्त्यांवर भिंत फाटणं हे काही दुर्मीळ नाही. बाटलीला मुदतही असते, आणि ती संपल्याचं कोणाच्या ध्यानात राहत नाही. पंप मात्र दोन्ही प्रकारच्या टायरवाल्याने जवळ ठेवावा. बहुतेक पंक्चरं हवा हळूहळू सोडणारी असतात. दाबाची सूचना वेळीच पाहिली तर पंपाच्या दोन-तीन भरण्यांत माणूस दुकान गाठतो.

इतका सगळा विचार गिऱ्हाइकाने एकट्याने का करायचा, हा प्रश्न उरतोच, आणि त्यावर मला राग आहे. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनीची सक्ती राहिली नाही. कारण सांगितलं गेलं ते जागेचं. विजेच्या गाड्यांना मोठी बॅटरी ठेवता येईल असंही सांगितलं गेलं. विजेच्या गाडीपुरतं ते मी समजू शकतो. पण पेट्रोल-डिझेलच्या गाडीतूनही स्टेपनी काढली तर ती न देण्यातून होणारी बचत कारखान्याच्या खात्यात जाते आणि रात्रीच्या रस्त्यावरची अडचण गिऱ्हाइकाच्या. रन-फ्लॅट असलेल्या गाडीत निदान काहीतरी पर्यायी दिलेलं असतं. साधे टायर, स्टेपनी नाही आणि एक बाटली, हे म्हणजे काहीही न देणं आहे.

शोरूममध्ये सनरूफ, पडद्याची लांबी, सीटच्या चामड्याचा रंग हे सगळं निवडता येतं. टायरचा प्रकार आणि स्टेपनी निवडता येत नाही, अनेकदा त्यांचा उल्लेखही होत नाही. गाडीच्या किमतीच्या कागदावर टायरचा प्रकार, डिकीत पाचव्या चाकाला खाच आहे की नाही, आणि भरल्या गाडीने हवेविना किती किलोमीटर जाता येईल, हे ठळक छापायला लावणारा नियम करणं अवघड नाही. जी कंपनी रन-फ्लॅटशिवाय गाडी विकतच नाही, तिने तो टायर राज्यातल्या प्रत्येक विभागीय शहरात ठेवावा आणि तो येईपर्यंत गिऱ्हाइकाला दुसरी गाडी द्यावी. आणि ज्याला साधे टायर नि खाचेतली स्टेपनी हवी आहे, त्याला ती कारखान्यातूनच मिळावी, पाच वर्षांनी टायरच्या दुकानात उभं राहून स्वतः जुळवायला लागू नये.